कराची किती लांब आहे?

(पोशेरा येथे ग्रामसंघाच्या बैठकीत केलेलं बोलणं)

मावश्यांनो, तायांनो, मुंबईहून कराची किती लांब असेल? सरळ रेघ ओढली तर पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दिल्लीपेक्षाही जवळ. विमानाला दीड-पावणेदोन तास पुरतात. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी टपाल घेऊन एवढंसं विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणलं, ते सकाळी निघून दुपारी पोचलं. तेव्हा मधे सीमा नव्हती.

आता थेट विमान नाही. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाशच बंद केलं. जायचं तर आधी दुबई, तिथून उलटं कराची. तीन हजार किलोमीटरच्या वर!

तुम्ही म्हणाल, विमानात बसतंय कोण? खरंय. आपली माणसं वीटभट्टीवर नाहीतर नाशिकला बांधकामावर जातात. पण डहाणू-तलासरीचे आदिवासी खलाशी ओखा, पोरबंदरच्या बोटींवर जातात, आणि आपल्यातल्या काहींच्या लेकी तिकडे दिल्यात. तिथल्या समुद्रात हद्द कुठून जाते हे दोन्ही देशांचं अजून ठरलेलं नाही. पाण्यावर रेघ तर दिसत नाहीच. इंजिन बंद पडलं, बोट वाहत गेली, की पकडून थेट कराचीच्या तुरुंगात.

परतीची वाट कशी? कराचीहून रेल्वेने लाहोर, मग वाघा-अटारीची सीमा चालत ओलांडायची, अमृतसरहून पुन्हा दीड दिवस रेल्वे. पण खरा वेळ प्रवासात जात नाही, कागदात जातो. हा माणूस आपलाच आहे, हे आपल्या सरकारने पटवून द्यावं लागतं. शिक्षा संपली तरी माणूस आत राहतो. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी तिथे तुरुंगात वारला. मृतदेह घरी यायला मे उजाडला.

दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या यादीत नाव चुकीचं लिहिलं गेलं तर शोधायचं कसं? घरात हाक मारायचं नाव एक, आधारवर दुसरं, हे तर आपल्याकडे घरोघरी आहे.

म्हणून समूहाची एक वही करूया. कोण गेलं, आधारवरचं नाव, फोटो, मालकाचा आणि तांडेलचा फोन, बोटीचं नाव, नोंदणी नंबर. नंबर विचारला तर मालक चिडतो म्हणतात. चिडू दे. बोटीवर चढायच्या आधी नंबराचा फोटो काढून पाठव, एवढं घरच्या माणसाला सांगायचं. भट्टीवर जाणाऱ्यांचीही नोंद याच वहीत घ्यायची: मुकादम कोण, भट्टी कुठली, उचल किती.

मासेमारी बंदी उठली की ऑगस्टपासून बोटी निघतात. त्याआधीच्या बैठकीला येताना तिकडे दिलेल्या लेकींना फोन करून ही माहिती विचारून या. वही सचिवताईंकडे राहील.