अडलेले वाहन ओढताना



मृगाचा पाऊस सुरू झाला की महाराष्ट्रातील ग्रामीण रस्त्यांवर वाहने अडू लागतात. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत रस्त्याच्या कडेला उतरलेली जीप आसापर्यंत रुतते. कोकणच्या किनाऱ्यावर हौसेने नेलेली मोटार वाळूत फसते आणि भरतीचे पाणी तिच्या चाकांशी येऊन ठेपते. घाटाच्या चढावर मालट्रक बंद पडतो आणि त्याच्या मागे वाहनांची रांग लागते. अशा वेळी क्रेन दूर तालुक्याच्या ठिकाणी असते. दोर, ट्रॅक्टर आणि मदतीला धावून येणारे हात मात्र गावातच असतात. म्हणूनच अडलेले वाहन सुरक्षितपणे कसे ओढावे, हा केवळ वाहनचालकांचा विषय राहत नाही. तो गावाचा आणि पर्यायाने पंचायतीचाही विषय ठरतो.

मदतीची ही वृत्ती हे खेड्याचे भूषण होय. तथापि या कामातील धोका वाहनातील प्रवाशांइतकाच, किंबहुना अधिक, भोवती जमलेल्या माणसांना असतो. ताणलेल्या दोराजवळ उभा राहिलेला शेतकरी, दोन वाहनांच्या मध्ये शिरलेला तरुण आणि घाईने ट्रॅक्टर पुढे काढणारा चालक हे तिघेही चांगल्या हेतूनेच तेथे आलेले असतात. त्यांचा जीव केवळ हेतूने सुरक्षित राहत नाही. ओढणे ही या कामातील शेवटची क्रिया आहे आणि तिच्यापूर्वी जे केले जाते त्यावरच सर्वांची सुरक्षितता अवलंबून असते, ही गोष्ट प्रथम मनावर बिंबली पाहिजे.

प्रथम माणसे, नंतर वाहन

वाहन अडल्याचे कळताच पहिला विचार त्यातील माणसांचा व्हावा. अडलेल्या वाहनात रुग्ण असेल तर वाहन निघण्याची वाट पाहत बसणे योग्य नव्हे. स्ट्रेचरवरून, ते नसल्यास बाजेवरून, रुग्णाला चिखलाच्या पलीकडे नेऊन दुसऱ्या वाहनात बसविणे बहुधा अधिक लवकर साधते. त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेस कळवावे. वाहन ओढले जात असताना त्यात चालकाखेरीज कोणीही असू नये. प्रवासी आणि माल उतरविल्याने वाहनाचे वजनही कमी होते आणि काम हलके होते.

पुराचे पाणी वाहत असलेल्या फरशीवर वाहन बंद पडले असेल तर ते ओढण्याचा प्रयत्नच करू नये. सुमारे ३० सेंटीमीटर खोलीचे वाहते पाणी लहान मोटारीस तरंगवू शकते आणि ६० सेंटीमीटर पाणी बहुतेक वाहनांना वाहून नेऊ शकते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा जुना पूल पुरात कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पुराच्या पाण्याखाली पुलाचा पाया कोणत्या स्थितीत आहे हे वरून दिसत नाही, ही त्या दुर्घटनेची शिकवण आहे. वाहन पाण्यात सोडून द्यावे आणि माणसांनी उंच जागी जावे. पाणी ओसरल्यावर वाहन बाहेर काढता येते. मात्र इंजिनात पाणी शिरले असण्याची शक्यता असल्याने ते चालू करून पाहू नये. टँकरमधून इंधन अथवा वायू गळत असेल तर कोणीही जवळ जाऊ नये, ११२ वर कळवावे आणि वाऱ्याच्या उलट दिशेने लोकांना दूर न्यावे.

ओढण्यापूर्वी खणावे

सपाट, कठीण रस्त्यावर बंद वाहन ढकलण्यास त्याच्या वजनाच्या शेकडा एक-दोन भागांइतका जोर पुरतो. रुतलेल्या वाहनाचा हिशेब अगदी वेगळा असतो. आसापर्यंत रुतलेल्या वाहनास त्याच्या वजनाइतका आणि मडगार्डापर्यंत रुतलेल्या वाहनास वजनाच्या दुपटीइतका जोर लागू शकतो, असा ठोकताळा लष्करी वाहने सोडविणाऱ्या तुकड्या वापरतात. उलटपक्षी ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची चाके घसरत असल्याने तो स्वतःच्या वजनाइतका जोर लावूच शकत नाही. मोठा ट्रॅक्टर आणूनही जीप जागची हलत नाही, याचे कारण हेच.

याकरिता दोर बांधण्यापूर्वी फावडे हाती घ्यावे. चाकांच्या पुढचा चिखल काढून हलका उतार करावा. वाहनाचे पोट जमिनीला टेकले असेल तर त्याखालची माती मोकळी करावी. चाकांखाली फळ्या, खडी, गोणपाट, तुराट्या अथवा पऱ्हाट्या दाबून घालाव्यात. वाळूत टायरमधील हवा थोडी कमी केल्यास टायर पसरतो आणि पकड वाढते. कठीण रस्त्यावर आल्यावर हवा पुन्हा भरावी. चाके जागच्या जागी फिरू लागताच चालकाने थांबावे, कारण प्रत्येक फेऱ्यागणिक वाहन अधिक खोल जाते. अर्धा तास खणल्याने अनेकदा दोराची गरजच उरत नाही. उरली तरी वाहन ज्या चाकोरीतून आत गेले त्याच चाकोरीतून मागे ओढणे सर्वांत सोपे असते, कारण ती वाट अगोदरच दबलेली असते.

दोर आणि बांधण्याची जागा

दोर वाहनाच्या ओढण्यासाठी केलेल्या कड्यास अथवा सांगाड्याच्या भक्कम भागास बांधावा. बंपर, स्टिअरिंगचे दांडे आणि चाकांचे जोड हे त्यासाठी नाहीत. नव्या मोटारींमध्ये ओढण्याची कडी सुट्या चाकाच्या हत्यारांसोबत ठेवलेली असते आणि बंपरवरील लहान झाकण काढून ती तेथे आट्यांवर बसवावी लागते. काही वाहनांत या आट्या उलट्या असतात. कडी पूर्ण आत जाईपर्यंत पिळली नाही तर ती ताण पडताच निसटते. ही कडीही रस्त्यावर हलके ओढण्यासाठी असते, खोल रुतलेले वाहन हिसक्याने उपटण्यासाठी नाही.

दोर वजनमर्यादा छापलेला आणि न झिजलेला असावा. दोराच्या गाठीपाशी त्याची ताकद बरीच, काही वेळा जवळजवळ निम्म्याने, घटते. म्हणून तुटलेला दोर गाठ मारून पुन्हा वापरू नये. दोराला लोखंडाची धार लागत असेल तेथे गोणपाटाची घडी ठेवावी. नायलॉनचा दोर ताणतो व हिसका काही अंशी पोटात घेतो, परंतु तुटल्यावर तो गोफणीसारखा उलट येतो आणि त्याच्या टोकाचा लोखंडी हूक गोफणीतील दगडासारखा सुटतो. साखळी व तारदोर फारसे ताणत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर हिसक्याचा सगळा भार एकदम पडतो. कोणताही दोर असो, त्याच्या मध्यावर ओले जड गोणपाट टाकावे; दोर तुटल्यास त्याची झेप त्यामुळे कमी होते. तरीही सर्वांनी दोराच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर, दोराच्या रेषेपासून बाजूला उभे राहावे. ताणलेला दोर कोणी ओलांडू नये.

हिसका टाळावा

ढिला दोर ठेवून धावत येऊन हिसका देणे ही सर्वत्र दिसणारी आणि सर्वांत घातक पद्धत होय. समजा, दोन टन वजनाचा ट्रॅक्टर ताशी १० किलोमीटर वेगाने सुटला आणि दोर ताणल्यावर २० सेंटीमीटरमध्ये थांबला. तेवढ्यात दोरावर सरासरी सुमारे चार टनांचा आणि क्षणमात्र त्याहूनही बराच अधिक भार येतो. मोट चालविणाऱ्या जुन्या शेतकऱ्यास हे गणित न मांडताही ठाऊक होते. बैल प्रथम नाडा ताणून घेत आणि मगच अंगाचा भार जुवावर टाकीत. यंत्रानेही तसेच वागले पाहिजे. पहिल्या गिअरमध्ये हळूहळू पुढे जाऊन दोर ताणून घ्यावा, क्षणभर थांबून सर्व जोड पाहावेत आणि मग सावकाश जोर वाढवावा. दोन-तीन प्रयत्नांत वाहन हलले नाही, तर अधिक वेग देण्याऐवजी पुन्हा खणावयास लागावे.

ट्रॅक्टरचा विशेष धोका

ट्रॅक्टरने ओढताना दोर नेहमी मागच्या खालच्या ड्रॉबारला बांधावा. तो आसाला, वरच्या लिंकला अथवा आसनाजवळच्या उंच जागी बांधला आणि मागचे वाहन हलले नाही, तर मागच्या चाकांचा जोर ट्रॅक्टरलाच उभा करतो. पुढची चाके उचलली जातात आणि सेकंद-दीड सेकंदात ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटू शकतो. क्लच दाबण्यासही तेवढा वेळ पुरत नाही. मडगार्डवर दुसऱ्या कोणाला बसवू नये. ट्रॅक्टरचीच चाके रुतू लागली तर पुढे रेटू नये, उलट गिअर टाकून बाहेर यावे.

रस्त्यावरून ओढून नेताना

चिखलातून सुटलेले वाहन जवळच्या गॅरेजपर्यंत ओढून नेताना कायद्याची बंधने येतात. मोटार वाहन कायदा, १९८८ खाली १९८९ साली झालेल्या नियमांत दोन वाहनांमधील अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नसावे, वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, दोर इतरांना स्पष्ट दिसेल अशी व्यवस्था असावी आणि मागच्या वाहनाच्या पाठीवर ते ओढले जात असल्याची पाटी किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत असावी, असे सांगितले होते. ओढल्या जाणाऱ्या वाहनाची पुढची चाके क्रेनने उचललेली नसतील तर त्यात परवानाधारक चालक बसलेला असणेही आवश्यक होते. या नियमांची जागा २०१७ साली नव्या विनियमांनी घेतली. तथापि त्यांमागील विचार सावध चालकाला आजही मार्गदर्शक आहे.

मागच्या चालकाचे काम पुढच्याहून अवघड असते. इंजिन बंद असल्याने ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. किल्ली काढली तर स्टिअरिंग अडकते, म्हणून ती स्टिअरिंग मोकळे राहील अशा स्थितीत ठेवावी. दोर सतत हलका ताणलेला ठेवणे हीही त्याचीच जबाबदारी होय. स्वयंचलित गिअरची आणि विजेवर चालणारी वाहने चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास त्यांच्या यंत्रणेची मोठी हानी होऊ शकते. ती सपाट पाठीच्या वाहनावर चढवूनच न्यावीत. द्रुतगती मार्गांवर तर दोराने ओढण्याचा विचारच करू नये. प्रवाशांनी कठड्याच्या बाहेर सुरक्षित जागी उभे राहावे आणि मदत बोलवावी. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

घाट आणि जड वाहने

एस. टी. ची गाडी अथवा मालट्रक यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. हवा गेली की स्प्रिंगच्या जोराने मागची चाके आपोआप जाम होतात, आणि हे सुरक्षिततेसाठीच असते. मेकॅनिकने स्प्रिंग मोकळी केली की चाके फिरतात खरी, पण वाहनाला ते ब्रेकही उरत नाहीत. असे वाहन दोराने ओढणे म्हणजे उतारावर अपघातास आमंत्रण होय. त्याला जाड लोखंडी दांडा अथवा क्रेनच लागते. घाट उतरताना लहान मोटारीसही दोर चालत नाही, कारण मागचे वाहन पुढच्यावर येऊन आदळते. घाटात वाहन बंद पडले तर चाकांना भक्कम उटी लावावी, मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा आणि क्रेनची वाट पाहावी. झाडाच्या फांद्या रात्री दिसत नाहीत, म्हणून त्यांवर विसंबू नये. वाहन निघून गेल्यावर उटीचे दगड रस्त्यातून उचलणे हे तितकेच महत्त्वाचे काम आहे. अंधारात दुचाकीस्वाराला तोच दगड प्राणघातक ठरतो.

पंचायतीने काय करावे

या सर्व गोष्टींसाठी मोठा खर्च लागत नाही. वजनमर्यादा छापलेला एक चांगला दोर, दोन शॅकल, दोन जाड फळ्या, दोन फावडी, लाकडी उट्या, परावर्तक त्रिकोण, विजेरी आणि हातमोजे एवढे साहित्य पंचायत कार्यालयात एका पेटीत ठेवता येईल. दोर दर वर्षी जूनपूर्वी तपासावा आणि झिजलेला असल्यास बदलावा. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहेत अशा शेतकऱ्यांची यादी व ११२, १०८ आणि १०३३ हे क्रमांक फलकावर लिहावेत. एका कोरड्या शेतात या शेतकऱ्यांचा सराव घ्यावा आणि ड्रॉबारचा नियम तेथे प्रत्यक्ष दाखवावा.

प्रत्येक प्रसंगी सूचना देणारा माणूस एकच असावा. ‘ओढा’ हा इशारा त्यानेच द्यावा. ‘थांबा’ असे ओरडण्याचा अधिकार मात्र तेथील प्रत्येकाला असावा आणि तो शब्द ऐकताच काम थांबावे. शिक्षकांचा वाटा येथे मोठा आहे. वाहन रुतले की सर्वांत आधी मुले धावत येतात आणि सर्वांत जवळ उभी राहतात. दोराच्या दीडपट अंतर म्हणजे किती, हे शाळेच्या मैदानावर एक दोर अंथरून मुलांना पावलांनी मोजावयास लावले तर ते त्यांच्या आयुष्यभर लक्षात राहील आणि घरी वडीलधाऱ्यांनाही ती ते सांगतील.

काही वेळा सर्व पाहून झाल्यावर वाहन आज ओढू नये, असाच निर्णय घ्यावा लागेल. चालक नाराज होईल, मालाचे नुकसान होईल, जमलेल्या तरुणांना ते कमीपणाचेही वाटेल. त्या वेळी सरपंचाने अथवा जाणत्या सदस्याने पुढे होऊन ‘उद्या क्रेन येईल’ एवढे ठामपणे सांगितले पाहिजे. चिखलातील वाहन एक रात्र तेथेच राहिले तरी चालते.