वणव्याचं गणित आणि डोंगरावरचा माणूस
(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान, संक्षिप्त)



वणव्याच्या विज्ञानाबद्दल बोलायचं तर ५ ऑगस्ट १९४९ या दिवसापासून सुरुवात करावी लागते. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, मिसुरी नदीकाठच्या मॅन गल्च नावाच्या घळीत विजेमुळे आग लागली होती. ती विझवायला विमानातून १५ जवान पॅराशूटने उतरले. वनखात्याचा एक रखवालदार खाली त्यांना येऊन मिळाला. आग पलीकडच्या उतारावर होती, म्हणून ते नदीच्या दिशेने खाली निघाले. तेवढ्यात घळीच्या तोंडाशी आगीने बाजू बदलली आणि ती त्यांच्या खालून, वाळलेल्या गवतातून वर येऊ लागली. सगळे मागे फिरून चढ चढू लागले.

त्यांचा म्होरक्या वॅग डॉज. आग गाठणार हे ओळखून त्याने काडी ओढली आणि स्वतःच्या पुढचंच गवत पेटवलं. ते जळून गेल्यावर त्या काळ्या राखेत तो पालथा पडला आणि बाकीच्यांना हाका मारू लागला. कुणी आलं नाही. ही युक्ती त्यांना कुणी शिकवलेली नव्हती. आगीपासून पळताना आणखी आग लावणारा माणूस त्यांना वेडा वाटला असणार. मोठी आग डॉजला वळसा घालून गेली. आणखी दोघे कड्याच्या फटीतून निसटले. १३ जण गेले.

पुढे नोव्हेंबरात त्याच घळीची पाहणी करताना आगीचे ज्येष्ठ अभ्यासक हॅरी गिस्बॉर्न यांना हृदयविकाराचा झटका आला आणि तेही गेले. मोंटानातल्याच मिझूला शहरात १९६० साली वणव्यांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उघडली. तिथे रिचर्ड रॉदरमेल या अभियंत्याने वाऱ्याच्या बोगद्यांत आगी लावून, मोजमापं घेऊन १९७२ साली आगीच्या वेगाचं समीकरण मांडलं.

त्याचा गाभा सोपा आहे. पुढच्या गवताला दर क्षणी किती उष्णता मिळते आणि ते पेटायला किती लागते, या दोहोंच्या प्रमाणावर वेग ठरतो. सरपण ओलं असेल तर चुलीतली आधीची आच पाणी उडवण्यातच जाते; जंगलातही तेच. जाड ओंडक्याला वाळायला आठवडे लागतात. गवताची काडी मात्र तासाभरात हवेइतकी कोरडी होते. म्हणून सकाळी पेटायला कुरकुरणारं कुरण दुपारी भडकतं. त्यात चढ आला की ज्वाळा वरच्या गवतावर झुकते आणि ते आधीच तापवून ठेवते. माणसाचा वेग चढावर घटतो, आगीचा वाढतो. १९९३ साली रॉदरमेल यांनी मॅन गल्चमधल्या शर्यतीचाच हिशेब मांडला. माणसांना ती जिंकणं शक्य नव्हतं.

आता आपल्याकडे या. पावसाळ्यात कमरेइतकं वाढलेलं सह्याद्रीच्या उतारांवरचं गवत फेब्रुवारीपर्यंत पार वाळतं. विदर्भात मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला कोवळी पालवी यावी म्हणून आग लावतात, आणि ती आवाक्याबाहेर जाते. आज डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगींचा इशारा मोबाइलवर येतो. ही मोठीच सोय आहे. पण आग कुठे आहे हे उपग्रह सांगतो. पुढच्या दहा मिनिटांत ती कुठे असेल, हे डोंगरावर उभ्या माणसालाच ओळखावं लागतं.

तो माणूस म्हणजे हातात झाडाची फांदी घेऊन आग झोडपणारा हंगामी मजूर, किंवा मदतीला धावलेला गावातला पोरगा. खाली आग असताना वरच्या गवतात थांबू नये, दुपारच्या वाऱ्यावर विश्वास ठेवू नये, जळून गेलेली काळी जमीन हाच आसरा, हे त्याला कुणी सांगितलंय का? डॉजला शहाणपण सुचलं, पण ते त्याच्या एकट्यापाशीच होतं, म्हणून त्या युक्तीने तो एकटाच वाचला. जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढायचं काम वनखातं हंगामाआधी हाती घेतं. त्याच वेळी, गावागावांत, प्रत्येक मजुराला हे शिक्षण मिळालं पाहिजे, आणि त्या दिवसांची मजुरीही मिळाली पाहिजे. एवढी मागणी आपण सगळ्यांनी मिळून करावी, यासाठीच मी आज बोललो.