पडद्यावरची नशा आणि घरातली नशा
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सचिव मला म्हणाले, "काका, तुम्ही सिनेमाचे जुने शौकीन. सिनेमावर दहा मिनिटं बोला, हलकंफुलकं." विषय मी निवडला: सिनेमात नशा दाखवतात ती कितपत खरी असते? भाषण हलकंफुलकं होईल याची हमी मात्र मी देत नाही. बँकेत 36 वर्षं काढलेला माणूस सहसा कुणाला हमी देत नाही.

आमच्या तरुणपणी पडद्यावर दोनच प्रकारचे दारुडे होते. पहिला हसवणारा. जॉनी वॉकर आठवा, केष्टो मुखर्जी आठवा. जॉनी वॉकर मुळात मुंबईचे बस कंडक्टर. दारुड्याची नक्कल इतकी हुबेहूब करत की गुरुदत्त यांनी त्यांना व्हिस्कीचंच नाव दिलं. 1977 साली 'अमर अकबर अँथनी'त अमिताभ आरशातल्या स्वतःलाच मलमपट्टी करतो, तो प्रसंग कोण विसरेल? माझा धाकटा भाऊ घरच्या लग्नकार्यात त्याची नक्कल करायचा. पाहुणे पोट धरून हसायचे. मीही हसायचो.

दुसरा प्रकार रडवणारा, म्हणजे देवदास. शरदबाबूंची कादंबरी 1917 ची. तिच्यावर 1936 मध्ये सैगल, 1955 मध्ये दिलीपकुमार आणि 2002 मध्ये शाहरुख पडद्यावर झुरले. प्रेमभंग झाला म्हणून माणूस पितो आणि पिऊन मोठा होतो, असं आम्हाला वाटायला लागलं. पडद्याबाहेर काय झालं? सैगल 1947 साली गेले, वय अवघं 42. 'साहिब बीबी और गुलाम'मध्ये दारूच्या आहारी गेलेली छोटी बहू साकारणाऱ्या मीनाकुमारी 1972 मध्ये यकृताच्या आजाराने गेल्या, 38 व्या वर्षी.

आता घरातलं सांगतो. भावाला विचारून सांगतोय. तो म्हणाला, "सांग दादा, पण नीट सांग. मला हिरो करू नको आणि जोकरही करू नको."

त्याचा प्रेमभंग झाला नव्हता. चांगली नोकरी, गुणी बायको, दोन लेकरं. सुरुवात झाली ती ढाब्यावरच्या पार्टीने. मग शनिवारी, मग रोज संध्याकाळी, मग सकाळी. प्यायला काही कारणच लागलं नाही. सिनेमात कारण असतं, कारण गोष्ट पुढं न्यायची असते. घरात नुसती सवय असते, आणि ती कधी आजार झाली ते कळतच नाही.

म्हणून सिनेमा बघताना मी तीन प्रश्न विचारतो. ऑडिटच म्हणा हवं तर.

पहिला प्रश्न: पैसा कुठून आला? देवदासाला ही अडचण नसते, तो जमीनदाराचा मुलगा. मी मात्र काउंटरच्या पलीकडून बघितलंय. आधी पगाराची उचल, मग सोनेतारण, मग सोसायटीचं कर्ज, मग जामीनदाराच्या पगारातून कपात. मंगळसूत्र तारण ठेवायला बाई स्वतः यायची आणि "मुलाची फी आहे" म्हणायची. माझ्या भावाला मी तीनदा जामीन राहिलो. मला वाटायचं, मी मदत करतोय. खरं म्हणजे मी त्याच्या बाटलीचे पैसे भरत होतो. हे ज्यांनी दाखवलं त्या मीरा नायर. 1988 च्या 'सलाम बॉम्बे'त चिलीम नावाचा गर्दुल्ला आहे, रघुवीर यादवांनी केलाय. ज्या पोराचा त्याच्यावर जीव, त्याच पोराने घरी जाण्यासाठी साठवलेले पैसे तो नशेसाठी उचलतो. चोरी शत्रूच्या घरी होत नाही, आपल्याच माणसाच्या खिशातून होते.

दुसरा प्रश्न: सोडताना काय होतं? सिनेमात आई एक थप्पड मारते, मुलगा बाटली फोडतो, दुसऱ्या दिवशी दाढी करून कामावर. नाहीतर हिरोला खोलीत कोंडतात, तो रात्रभर ओरडतो आणि सकाळी शुद्ध होऊन बाहेर येतो. आम्ही हेच केलं. आईसमोर त्याने योगेश्वरीची शपथ घेतली, बाटल्या मोरीत ओतल्या आणि आम्ही त्याला माडीवरच्या खोलीत कोंडलं. बाहेरून कडी मी लावली. संध्याकाळपासून हात थरथरायला लागले. मग घाम, मग भिंतीवरून मुंग्या चालल्यात म्हणू लागला. आम्ही म्हणालो, नाटक करतोय. दुसऱ्या रात्री झटका आला. दातखीळ, तोंडाला फेस. रिक्षात घालून दवाखान्यात नेला.

डॉक्टर माझ्यावर चिडले. म्हणाले, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम बंद केली तर जीव जाऊ शकतो. औषधं देऊन, देखरेखीखाली सोडवायची असते. मी पदवीधर, बँकेतला अधिकारी, आणि उपाय शिकलो कुठं? थिएटरात. त्या कडीचा आवाज मला अजून ऐकू येतो. 'उडता पंजाब' या 2016 च्या सिनेमात अंमली पदार्थ सुटताना शरीराची होणारी तडफड बरीच खरी दाखवलीय. त्या सिनेमाच्या कापाकापीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला होता आणि एक काट ठेवून तो प्रदर्शित झाला. आई-बापांनी तो जरूर बघावा.

तिसरा प्रश्न: 'समाप्त'नंतर काय? सिनेमा एकतर मरणावर संपतो, नाहीतर सुधारण्यावर. भाऊ बरा झाला, पुन्हा प्यायला. पुन्हा उपचार, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा टिकला. हे दाखवायला तीन तास पुरत नाहीत आणि तिकीट काढून कुणी बघणारही नाही. 'संजू'मध्ये हिरो उपचाराला अमेरिकेत जातो. आपल्या बीडच्या माणसाला ते कसं जमणार? पण पुण्यात 1986 पासून 'मुक्तांगण' आहे. अनिल अवचटांनी गर्दवर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी देणगी दिली आणि डॉ. अनिता अवचटांनी केंद्र उभं केलं. तिथले उपचार 35 दिवसांचे असतात आणि नंतरही पाठपुरावा चालू राहतो, कारण खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू होते.

आणखी एक. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आलं. सुधाकर कसा बुडाला हे सगळ्यांना आठवतं. मला हल्ली सिंधू जास्त आठवते, नवऱ्याला शेवटपर्यंत पाठीशी घालणारी. माझी भावजय ऑफिसात फोन करून सांगायची, "यांना ताप आहे." आठ वर्षं तो ताप होता. आम्ही सगळे तिला म्हणायचो, "तूच जरा सांभाळून घे." हे आमचं चुकलंच.

आपल्या सोसायटीला 25 वर्षं झाली. पाण्याच्या टाकीवरून आपण भांडलो, कुणाच्या घरी दुःख झालं तर रात्रभर बसलो. पण जिन्यात एखादा झोकांड्या खात आला की आपण दोनच गोष्टी करतो. पोरं हसतात आणि मोठी माणसं दार लावून घेतात. दोन्ही सिनेमातून आलेलं आहे. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी, तो शुद्धीवर असताना, त्याच्याशी बोला. त्याच्या बायकोला एकटं पाडू नका. उसने पैसे देऊ नका, दवाखान्यात सोबत जा. अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तो या स्मरणिकेत छापावा अशी माझी संपादक मंडळाला विनंती आहे.

मुलांना सिनेमा बंद करा असं मी म्हणत नाही. मी स्वतः अजून बघतो. फक्त शेजारी बसा आणि ते तीन प्रश्न विचारा.

परवा भाऊ माझ्याकडे आला होता. टीव्हीवर तोच आरशाचा प्रसंग लागला. मी रिमोट शोधायला लागलो. तो म्हणाला, "राहू दे दादा, बघू. काम भारी केलंय त्यानं." आम्ही दोघांनी तो शेवटपर्यंत बघितला. मग तो उठला आणि त्यानेच दोघांचा चहा केला. कप धरलेला त्याचा हात स्थिर होता. मी त्याच हाताकडे बघत होतो. अजूनही बघतो.