ताणलेल्या थराचे चुंबकत्व



चौकातल्या रोहित्राचा गुणगुणाट तुम्ही ऐकलाच असेल. आपली वीज ५० हर्ट्झची, पण रोहित्र गुणगुणते मुख्यतः १०० हर्ट्झने. गाभ्यातले पोलाद चुंबकित झाले की त्याची लांबी किंचित बदलते. चुंबकन सुलटे असो की उलटे, बदल तोच. म्हणून एका आवर्तनात ही हालचाल दोनदा होते. जेम्स जूलने १८४२ साली लोखंडावर हा परिणाम नोंदवला. त्याची उलट बाजू इटलीच्या एमिलिओ व्हिलारीने १८६५ साली दाखवली: धातू ताणा किंवा दाबा, त्याचे चुंबकत्व बदलते. आज आपल्याला बोलायचे आहे ते या दुसऱ्या बाजूबद्दल.

प्रत्येक चुंबकीय द्रव्याचा याबाबतीत आपला स्वभाव असतो. निकेल पुरते चुंबकित झाले की मीटरमागे सुमारे ३४ मायक्रोमीटर आखडते. त्यामुळे निकेल ताणले, तर त्याचे चुंबकन ताणाच्या दिशेला आडवे होऊ पाहते. टर्बियम, डिस्प्रोशियम आणि लोखंड यांचे टर्फेनॉल-डी हा मिश्रधातू मीटरमागे हजाराहून अधिक मायक्रोमीटर लांबतो. तिथे चुंबकन ताणाच्या दिशेनेच वळते. या दोन टोकांच्या मध्ये परमलॉय बसते. सुमारे ८१ टक्के निकेल आणि १९ टक्के लोखंड घेतले की हा परिणाम जवळजवळ शून्यावर येतो. निकेल वाढले तर निकेलचा स्वभाव डोके वर काढतो, कमी झाले तर उलटा.

आता हे परमलॉय सिलिकॉनवर चढवू. थराची जाडी काही दशक नॅनोमीटर, खालचे सिलिकॉन साधारण अर्धा मिलिमीटर. अशा जोडीत थराचे काही चालत नाही. समजा, थर ३०० अंश सेल्सिअसला बसवला आणि खोलीच्या तापमानाला आणला. परमलॉय दर अंशामागे दशलक्षात सुमारे १२ भाग आकसू पाहते, सिलिकॉन अडीचच्या आसपास. हा फरक सुमारे २७५ अंशांवर साठत जातो आणि थर तबल्याच्या पुडीसारखा ताणून बसतो. कागदावरच्या हिशेबाने हा ताण ५०० मेगापास्कलच्याही पुढे जातो. तो मोजायचा कसा, हे जी. जी. स्टोनीने १९०९ साली दाखवून दिले. पोलादाच्या पातळ पट्टीवर निकेलचा मुलामा दिला की पट्टी वाकते, आणि त्या वाकण्यावरून ताण काढता येतो. आजही सिलिकॉनच्या चकतीची वक्रता लेसरने मोजून हेच केले जाते.

सर्व बाजूंनी सारखा ओढलेला थर आपल्या प्रतलात कोणत्याच दिशेची बाजू घेत नाही. घोटाळा होतो तो एकाच दिशेने ओढ पडली की. असा थर असलेली सेन्सरची चिप प्लॅस्टिकमध्ये बसते, सर्किट बोर्डवर सोल्डर होते, बोर्ड वाकतो आणि नेमकी तशीच ओढ थरात उतरते. ही ओढ १०० मेगापास्कलची आहे असे धरू, आणि परमलॉयचे प्रमाण थोडे चुकून मीटरमागे एक मायक्रोमीटरचा परिणाम शिल्लक राहिला आहे असे समजू. दीडपट परिणाम गुणिले ताण, या सूत्राने घनमीटरमागे १५० ज्यूल येतात. अशा थराची स्वतःची दिशा टिकवणारी ऊर्जा दोनशेच्या आसपासच असते! म्हणजे इतक्याशा चुकीने थराचे चुंबकन पसंतीच्या दिशेवरून ढळते आणि सेन्सरचे शून्य सरकते. थर शुद्ध निकेलचा असता, तर हाच आकडा पाच हजारांवर गेला असता.

होकायंत्राचा सेन्सर बनवणाऱ्याला म्हणूनच हा परिणाम शून्याजवळ हवा असतो. दाब मोजणाऱ्याला तो मोठा हवा असतो. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या अतिपातळ थराच्या दोन्ही बाजूंना कोबाल्ट-लोखंड-बोरॉनचे थर ठेवून टनेल जोड बनवतात. तो पातळ पडद्यावर बसवला की दाबाने पडदा फुगतो, वरच्या थराचे चुंबकन वळते आणि जोडाचा रोध बदलतो. एकाच्या यंत्रातली चूक दुसऱ्याच्या यंत्रात मोजमाप ठरते.

सभागृहात विज्ञानाचे विद्यार्थी बसले आहेत, त्यांना एवढेच सांगेन: पातळ थराच्या चुंबकत्वाचा आलेख समोर आला की आधी विचारा, थर कशावर बसवला, किती तापमानाला बसवला आणि त्याचा ताण मोजला का. या तीन उत्तरांशिवाय तो आलेख अपुरा आहे.