अपुरा निरोप



छत्रपती संभाजीनगरात या परिषदेच्या खुर्चीवर बसताना मला माझं गाव आठवतं. मी पैठण तालुक्यातल्या गोदाकाठचा. जायकवाडीला सत्तावीस दरवाजे आहेत, आणि पावसाळ्यात आमच्याकडे एका शब्दाला सगळे कान देऊन असत: विसर्ग. धरणावरचा निरोप तहसिलीत यायचा, तिथून गावात, मग कोतवाल दवंडी द्यायचा. धरणात वरून किती पाणी येतंय, पाऊस कधी थांबेल, हे त्याला ठाऊक नसायचं. तो एवढंच ओरडायचा: नदीकाठची जनावरं वर आणा. जनावरं वर यायची. पुढे माझी सगळी नोकरी अणुभट्टीच्या नियंत्रण कक्षात पाळ्या करण्यात गेली. त्या कोतवालाला जे जमायचं ते आम्हा इंजिनिअरांना किती जड जातं, हे मी तिथे पाहिलं. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

12 डिसेंबर 1952. कॅनडातल्या चॉक रिव्हरची एनआरएक्स ही संशोधन अणुभट्टी. तळघरातल्या एका कर्मचाऱ्याने चुकीचे व्हॉल्व्ह उघडले आणि काही नियंत्रणदांडे वर उचलले गेले. वर कक्षात लाल दिवे लागले. पर्यवेक्षक धावत खाली गेला, त्याने व्हॉल्व्ह बंद केले आणि तिथल्या फोनवरून सहकाऱ्याला बटणं दाबायला सांगितलं. म्हणायचं होतं चार आणि तीन. तोंडून गेलं चार आणि एक. चूक त्याच्या तत्काळ लक्षात आली; पण बटणांपर्यंत पोचण्यासाठी सहकाऱ्याने फोन खाली ठेवला होता. हाक पोचली नाही. एक नंबरच्या बटणाने आणखी दांडे वर गेले, इंधन वितळलं, आणि तळघरात सुमारे 45 लाख लिटर किरणोत्सारी पाणी साचलं. कुणाचा जीव गेला नाही. मात्र भट्टी पुन्हा सुरू व्हायला वर्षाहून जास्त काळ लागला.

ही गोष्ट परक्या मुलखातली समजू नका. आपल्या तुर्भ्याची सायरस त्याच एनआरएक्सच्या नमुन्यावर बांधली गेली. 10 जुलै 1960 ला ती क्रिटिकल झाली आणि 31 डिसेंबर 2010 ला कायमची थांबवली गेली. म्हणजे त्या अपघातातून शिकलेलं शहाणपण आपल्या दारापर्यंत आलेलं आहे. आकडा सांगितला की समोरच्याने तो परत म्हणून दाखवायचा, आणि म्हणून दाखवेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

मराठीत तर हे दुप्पट सांभाळायला हवं. घाईत, खरखरणाऱ्या लाइनवर त्रेसष्ट आणि त्रेपन्न एकच ऐकू येतात. तुर्भ्यासारख्या ठिकाणी शेजारच्या खुर्चीवर केरळचा किंवा बंगालचा सहकारी असतो. त्याला आपलं ‘एकोणऐंशी’ कसं कळणार? म्हणून सात, नऊ असे सुटे अंक म्हणायचे. ‘बंद’ हा शब्द त्याहून धोक्याचा. पंप बंद म्हणजे बंद पडला, बंद केला की बंद कर? ‘झालंच साहेब’ म्हणजे झालेलं नसतं, आणि ‘बघतो’ म्हणजे तो आत्ता बघतोय की नंतर बघणार, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आपली भाषा आपल्याला लाडकी आहे, म्हणूनच नियंत्रण कक्षासाठी तिचे शब्द आपण बसून ठरवायला हवेत. या परिषदेने ते काम हाती घ्यावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता माझी चूक सांगतो. मी पाळीप्रमुख होतो. पहाटे शीतकरणाचा एक पंप थांबला, राखीव पंप आपोआप सुरू झाला, भट्टी सुखरूप बंद झाली. वरिष्ठांना आणि सुरक्षा विभागाला कळवण्यासाठी मी फोन उचलला आणि ठेवला. ते ‘कशामुळे?’ विचारतील, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण शोधण्यात चाळीस मिनिटं गेली. कारण साधं निघालं, कुणाला काही झालं नाही. पण त्या चाळीस मिनिटांत बाहेरच्या एकाही माणसाला आमच्याकडे काय चाललंय याची खबर नव्हती. मी काहीच लपवत नव्हतो. मी फक्त पूर्ण उत्तराची वाट पाहत होतो. ती सल अजून गेलेली नाही.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतलं. 3 फेब्रुवारी 2021 ला मेरिलँडमध्ये गेदर्सबर्गच्या संशोधन अणुभट्टीत इंधनाचा एक घटक आपल्या जागी नीट अडकलेला नव्हता. भट्टी सुरू करताना तो तापून बिघडला. आपत्कालीन इशारा त्याच दिवशी जाहीर झाला, नियामकाला कळवलं गेलं. इंधनाच्या तापमानाची सुरक्षा मर्यादा ओलांडली गेली होती, हे मात्र मार्चच्या सुरुवातीला कळवलं. पहिला निरोप अपुरा होता आणि तरी वेळेवर होता. नियामकाने पुढे त्यांना चांगलंच धारेवर धरलं, भट्टी दोन वर्षं बंद राहिली; पण ते इंधन नीट न बसवल्याबद्दल. अपुरं कळवलं म्हणून शिक्षा होऊ लागली, की पुढच्या वेळी निरोपच येत नाही. चेर्नोबिलची बातमी जगाला स्वीडनच्या फॉर्समार्क केंद्रातल्या एका कर्मचाऱ्याच्या बुटांवरच्या किरणोत्सारामुळे लागली, अपघाताच्या दोन दिवसांनी. त्यानंतरच, सप्टेंबर 1986 मध्ये, लवकर कळवण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला.

आणि ऐकणारा कोण? आपलं अणुऊर्जा नियामक मंडळ 15 नोव्हेंबर 1983 ला स्थापन झालं. 2000 साली तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या सुविधा त्याच्या कक्षेतून काढून केंद्राच्याच अंतर्गत सुरक्षा यंत्रणेकडे सोपवल्या गेल्या. म्हणजे तिथली ध्रुव अणुभट्टी चालवणारे आणि तिच्यावर नजर ठेवणारे एकाच संस्थेतले. गोपनीयतेची गरज मला कळते. त्या यंत्रणेतल्या माणसांच्या विद्वत्तेबद्दल आणि सचोटीबद्दल मला आदर आहे. तरीही माझं मत ठाम आहे: संकटाचा पहिला फोन अशा माणसाकडे जावा, ज्याची बढती, ज्याचं कार्यालय, ज्याचा साहेब आपल्यापेक्षा वेगळा असेल. आपल्या माणसाला आपण सांभाळून सांगतो, परक्याला जसं आहे तसं. भिंतीबाहेरची आणीबाणी जिल्हाधिकाऱ्याच्या हाती जाते, आणि त्याला अणुशास्त्र येत नसतं. त्याला कोतवालाचं वाक्य हवं असतं: कोणत्या गावाने काय करायचं, आणि किती वाजेपर्यंत.

दुपारच्या सत्रात आपण सराव करणार आहोत. दोन खोल्यांत दोन फोन ठेवले आहेत. एका बाजूला पाळीप्रमुख, दुसरीकडे नियामक. प्रत्येकाला निरोपाचा छापील कागद मिळेल: वेळ, जागा, काय दिसतंय, काय केलं, पुढचा फोन कधी करणार. शेवटी ‘कारण’ अशी एक ओळ आहे. ती कोरी ठेवूनच फोन लावा.