सुलोचनाबाईंचे सन्मान

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाची संहिता)



कलावंताच्या पुरस्कारांची यादी वाचणे हे काम सोपे, आणि खरे सांगायचे तर बहुधा कंटाळवाणे. साल, संस्था, मानपत्र. पुन्हा साल, पुन्हा संस्था. सुलोचनाबाई लाटकरांची यादी वाचताना मात्र वाचणारा एका जागी अडखळतो. व्ही. शांताराम पुरस्कार १९९७, पद्मश्री १९९९, चित्रभूषण २००३, फिल्मफेअरचा जीवनगौरव २००४, महाराष्ट्रभूषण २००९. बाईंचा जन्म १९२८ चा आणि त्यांच्या चेहऱ्याला प्रथम रंग लागला तो १९४३ च्या सुमारास. म्हणजे हे सारे मोठे मान त्यांच्या दारी आले ते वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर आणि त्यानंतर. काम तर त्याआधी पन्नास वर्षे चालूच होते. त्या पन्नास वर्षांचे मोल कोणी, कसे केले, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

बाई मूळच्या आपल्याच भागातल्या. बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी-निपाणी पट्ट्यात खडकलाट नावाचे गाव आहे. ते त्यांचे जन्मगाव. त्या काळी हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि इथल्या माणसाला कोल्हापूर हे परगाव वाटत नसे. बाजारहाट, देवदर्शन आणि सिनेमा या तिन्ही गोष्टींसाठी पावले तिकडेच वळत. या मुलीची पावलेही तिकडेच वळली. मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल चित्रसंस्थेत तिने लहानसहान कामे केली. त्याच संस्थेत त्याच काळात वडिलांच्या मृत्यूनंतर घराचा भार उचललेली आणखी एक मुलगी काम करीत होती, तिचे नाव लता मंगेशकर. पुढे १९६४ साली ‘मराठा तितुका मेळवावा’ या चित्रपटात सुलोचनाबाई जिजाऊ झाल्या, तेव्हा त्याचे संगीत लताबाईंनीच ‘आनंदघन’ या नावाने दिले होते. महाराष्ट्रभूषण हा सर्वोच्च राज्य पुरस्कार या दोघींनाही मिळाला. एकीला १९९७ साली, दुसरीला त्यानंतर बारा वर्षांनी.

‘सुलोचना’ हे नाव त्यांना भालजी पेंढारकरांनी दिले. बोलके, पाणीदार डोळे पाहून दिलेले ते नाव होते आणि भालजींसारख्या पारखी माणसाने दिलेले असल्यामुळे ते एखाद्या पदकाहून उणे म्हणता येणार नाही. खेड्यातली बोली घेऊन आलेल्या या मुलीच्या भाषेवर, उच्चारांवर आणि वागण्याबोलण्यावर खरे संस्कार झाले ते भालजींच्या जयप्रभा स्टुडिओत. गांधीहत्येनंतरच्या दंगलीत १९४८ साली हा स्टुडिओ जाळला गेला. ‘मीठभाकर’ हा चित्रपट त्या आगीत गेला आणि भालजींनी तो हिंमतीने पुन्हा चित्रित केला. केलेले काम डोळ्यांदेखत राख होते आणि ते पुन्हा पहिल्या दृश्यापासून करावे लागते, याहून कठोर शाळा नटीला कोणती मिळावी!

मग मराठीतील एकाहून एक भूमिका आल्या. ‘वहिनींच्या बांगड्या’ हा १९५३ चा चित्रपट य. गो. जोशी यांच्या कथेवरचा. आपल्या वाचनालयात कथासंग्रहांच्या फडताळाशी रेंगाळणाऱ्या जुन्या वाचकांना तो लेखक नव्याने सांगायला नको. धाकट्या दिराला पोटच्या मुलाप्रमाणे वाढवणारी ती वहिनी सुलोचनाबाईंनी ऐन पंचविशीत उभी केली. याच कथेवर पुढे १९६१ साली हिंदीत ‘भाभी की चूडियाँ’ निघाला आणि तिथे ही भूमिका मीनाकुमारींकडे गेली. त्याच १९६१ साली आलेल्या ‘प्रपंच’मध्ये शाहीर अमर शेख कुंभार झाले आणि सुलोचनाबाई त्याची कारभारीण. लेकरांच्या ओझ्याखाली वाकलेल्या त्या संसारात बाई एकदाही दारिद्र्याची जाहिरात करीत नाहीत; चुलीशी बसलेली बाई बसते तशा बसतात, इतकेच. ‘मोलकरीण’मध्ये मुलाच्याच घरी राबणारी आई, ‘एकटी’मध्ये मुलासाठी सारे आयुष्य वेचणारी आई, हे पुढचे टप्पे सर्वांच्या स्मरणात आहेत.

परंतु त्यांची खरी कसोटी आणि सन्मानांच्या दृष्टीने खरे कोडे आहे ते बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त. हा चित्रपट १९५९ चा. सुबोध घोष यांची बंगाली कथा, बंगाली दिग्दर्शक आणि गंमत अशी की पडद्यावरच्या चारही प्रमुख स्त्रिया मराठी: नूतन, शशिकला, ललिता पवार आणि सुलोचना. अस्पृश्य कुटुंबातील एक अनाथ तान्ही मुलगी सुशिक्षित, सवर्ण घरात वाढते. त्या घराची गृहिणी चारू म्हणजे सुलोचनाबाई. चारू दुष्ट नाही. ललिताबाईंची कर्मठ आत्या उघड बोलते, म्हणून तिच्यावर रागावता येते. चारूवर धड रागावताही येत नाही. ती मुलीला खाऊपिऊ घालते, तिच्यावर माया करते, आणि आल्यागेल्याला ओळख करून देताना मात्र ही आमची मुलगी असे न म्हणता मुलीसारखी आहे असे म्हणते. ‘मुलगी’ आणि ‘मुलीसारखी’ या दोन शब्दांमधल्या अंतरात सारा चित्रपट उभा आहे आणि ते अंतर दाखवायची जबाबदारी नायिकेवर नसून या आईवर आहे. जवळ घ्यायला पुढे झालेला हात मध्येच आखडतो, नजर क्षणभर दुसरीकडे जाते. ओठांवरचे हसू तेवढे तसेच राहते. शेवटी सुजाताच्याच रक्ताने चारूचा जीव वाचतो आणि ते ‘सारखी’ गळून पडते. त्या क्षणी प्रेक्षकाला जे वाटते त्याची सगळी पूर्वतयारी बाईंनी आधीच्या दोन तासांत, जवळजवळ काही न करता, करून ठेवलेली असते.

या चित्रपटाला फिल्मफेअरची पारितोषिके भरभरून मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, कथा आणि अभिनेत्री नूतन. नूतनचे काम त्या योग्यतेचे होतेच, त्याबद्दल दुमत नाही. सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक त्या वर्षी ललिता पवारांना मिळाले, पण ‘अनाडी’साठी. चारू तशीच राहिली.

आईच्या भूमिकेला पारितोषिक मिळतच नसे असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. निरूपा रॉय यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर तीनदा मिळाले: ‘मुनीमजी’, ‘छाया’ आणि ‘शहनाई’. दुर्गाबाई खोट्यांना ते ‘बिदाई’साठी मिळाले. सुलोचनाबाईंना ते एकदाही नाही. कारण शोधायचे तर त्यांच्या अभिनयाच्या जातीतच शोधावे लागेल. वर्षाच्या शेवटी परीक्षक चित्रपट आठवू लागतात तेव्हा त्यांना आक्रोश आठवतो, कोसळणे आठवते, मोठे संवाद आठवतात. दारात उभी राहून मुलाच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहणारी आई कोणाला आठवावी? ती तर घरात असतेच!

आणि हे आईपण त्यांनी कोणत्या वयात पत्करले तेही पाहण्यासारखे आहे. ‘सुजाता’च्या वेळी नूतनमध्ये आणि त्यांच्यात आठ वर्षांचे अंतर होते. त्याच वर्षीच्या ‘दिल देके देखो’त त्या शम्मी कपूरच्या आई झाल्या, शम्मी कपूर त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. ‘जॉनी मेरा नाम’मध्ये देव आनंदच्या आई झाल्या, तर चिरंजीव मातोश्रींपेक्षा पाच वर्षांनी थोर! नायिकेची भूमिका करण्याच्या वयात केसांना पांढरा रंग लावण्यात नटीला काय सोडावे लागते, हे रंगभूमीशी संबंध असलेल्यांना कळेल. हिंदीत अडीचशेच्या आसपास आणि मराठीत पन्नासाच्या आसपास चित्रपट त्यांच्या नावावर सांगितले जातात. चित्रसृष्टी त्यांना ‘दीदी’ म्हणे आणि पडद्यावर ‘माँ’.

मग सन्मान आले. २००४ च्या फिल्मफेअर जीवनगौरवात सुलोचनाबाई आणि निरूपा रॉय या दोघींची नावे एकत्र होती. हिंदी पडद्याच्या दोन मातांचा हा एकाच वर्षी झालेला गौरव देखणा खरा. निरूपाबाई त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात गेल्या. महाराष्ट्रभूषणाच्या मानकऱ्यांत तोवर साहित्यिक, गायक, शास्त्रज्ञ, क्रिकेटपटू आणि समाजसेवक होते. निव्वळ चित्रपटातील अभिनयासाठी तो प्रथम मिळाला सुलोचनाबाईंना. खडकलाट १९५६ च्या नोव्हेंबरपासून तेव्हाच्या म्हैसूर आणि आताच्या कर्नाटक राज्यात आहे. तरी महाराष्ट्राने आपले भूषण म्हणून ज्या पहिल्या अभिनेत्रीला निवडले, ती सीमेच्या अलीकडच्या या गावची लेक होती. त्या निवडीत भाषेचा धागा राज्याच्या रेषेपेक्षा चिवट ठरला, हे या सभागृहातील श्रोत्यांना अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

दादासाहेब फाळके पुरस्कार तेवढा त्यांना मिळाला नाही. फाळके पुरस्काराच्या यादीत १९७३ साली ‘सुलोचना’ हे नाव दिसते आणि अनेकांची गल्लत होते. त्या सुलोचना म्हणजे मूकपटांच्या काळातील रूबी मायर्स. भालजींना तो १९९१ सालचा मिळाला, लताबाईंना त्याच्या दोन वर्षे आधीचा. ‘दिल देके देखो’तून नायिका म्हणून पुढे आलेल्या आशा पारेख यांना तो २०२२ मध्ये प्रदान झाला. त्या वेळी सुलोचनाबाई चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या आणि हयात होत्या.

४ जून २०२३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी दादरला शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत त्यांना शासकीय इतमामाने निरोप देण्यात आला.