शाल, श्रीफळ आणि मानधन



मंडळाने आम्हांस विषय दिला तो असा : खेड्यांतील निःस्वार्थी कार्यकर्ते आणि तरुण नेतृत्व यांचा गौरव. गौरव कसा करावा एवढे सांगून आम्ही मोकळे व्हावे, अशी चिटणिसांची अपेक्षा असेल. पण आमचा धंदा संघटनेचा. कोणी कोणाच्या कामाचे कौतुक करू लागला, की त्या कामाचा मोबदला किती आणि तो वेळेवर मिळतो काय, हे विचारण्याची खोड आम्हां युनियनवाल्यांच्या अंगी मुरलेली असते. ती खोड आज घरी ठेवून येता आली नाही, एवढे प्रारंभी सांगून ठेवतो.

आधी गावातला सत्कार कसा होतो ते पाहू. मांडव घालायचा, सतरंज्या अंथरायच्या, माईकवाल्याला बोलावायचे, पाहुण्यांसाठी चहा ठेवायचा. ही सगळी धावपळ करणारी चारसहा पोरे आणि दोनतीन बाया प्रत्येक गावात असतात. मग व्यासपीठावर खुर्च्या लागतात. त्यांवर सोसायटीचे चेअरमन, वर्गणी देणारे सावकार आणि तालुक्याचे पुढारी बसतात, आणि शाल मिळते ती खुर्चीवर बसलेल्यांना. सतरंजी अंथरणारा कार्यक्रम संपल्यावर सतरंजी झाडत असतो. गावचा खरा कार्यकर्ता ओळखायचा असेल तर आम्ही एक सोपी खूण सांगतो. शाळेची किल्ली कोणाकडे असते, रात्री अडलेल्या बाईसाठी गाडी कोण जमवतो, मयताच्या घरी पहिला निरोप कोण पोचवतो, हे विचारावे. गावातले लहान पोरही नाव सांगते. निमंत्रणपत्रिकेवर ते नाव सहसा सापडत नाही.

महाराष्ट्राला ही सेवेची परंपरा नवी नाही. गाडगे महाराजांनी दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडले आणि रात्री कीर्तन केले. पाया पडायला येणाऱ्यांना ते जवळ फिरकू देत नसत. १९५६ साली ते वारले. २००० साली त्यांच्या नावाने सरकारने ग्रामस्वच्छतेचे अभियान काढले आणि झाडलेल्या गावांना बक्षिसे लावली. ज्याने जन्मभर हार टाळले त्याच्या नावाने बक्षीस, हा योग गमतीचा खरा. पण त्या चुरशीत पुष्कळ गावांचे उकिरडे हलले, हेही तितकेच खरे. काही गावे तपासणी समितीची जीप येईपर्यंत स्वच्छ राहिली, काही पुढेही राहिली. ज्या गावात झाडण्याचे काम सर्वांनी वाटून घेतले तिथे ते टिकले. ज्या गावात ते पूर्वीपासून ज्यांच्या माथी होते त्यांच्याच माथी पुन्हा पडले, तिथे बक्षीस मिळाले आणि काम संपले, असा आमचा अनुभव आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. स्वयंसेवक म्हणजे आपण होऊन, पदरमोड करून काम करणारा. स्वातंत्र्याच्या चळवळीत, सेवादलात, दुष्काळी कामांवर हा शब्द मोठ्या अभिमानाने मिरविला गेला. पण सरकारने हाच शब्द उचलून एखाद्या योजनेच्या नियमावलीत घातला, की त्याचा अर्थ पालटतो. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार वस्तीमागे एक 'आशा' नेमण्याचे ठरले. बाई गावातलीच हवी, २५ ते ४५ वयाची, थोडीबहुत शिकलेली. ती नोकर नव्हे, स्वयंसेविका. तिला पगार नाही, कामामागे मोबदला. गरोदर बाईची नोंद, लसीकरणाला मुले गोळा करणे, क्षयरोग्याला औषध वेळेवर पोचविणे, साथीची खबर देणे, प्रत्येक कामाचा दर वेगळा.

एकाच कामाचा हिशेब सांगतो, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. दवाखान्यात बाळंत होऊन बाई घरी आली, की आशेने त्या घरी सहा खेपा घालायच्या : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचे वजन करायचे, ताप पाहायचा, आईला अंगावर पाजण्याविषयी सांगायचे, काही धोक्याचे दिसले तर दवाखान्यात न्यायचे. २०११ साली ही योजना देशभर लागू झाली तेव्हा या सहा खेपांचे मिळून २५० रुपये ठरले. म्हणजे खेपेला एकेचाळीस रुपये आणि काही पैसे. वाडी डोंगरावर असली तरी तेवढेच, ओढ्याला पूर असला तरी तेवढेच. दोन खेपांच्या मधे बाई माहेरी निघून गेली, तर कागद अपुरा राहतो.

पुढे कोरोनाची साथ आली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत या बाया दारोदार हिंडल्या. पुण्यामुंबईहून परतलेल्यांची यादी कोणी केली? आशेने. ताप कोणी मोजला? आशेने. आणि त्याच गावात, तू रोग घेऊन येतेस म्हणून दार कोणाच्या तोंडावर लावले गेले? तिच्याच. २०२१च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशांनी संप केला, तो आठवडाभराहून अधिक चालला. शेवटी दरमहा १००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोरोना भत्ता कबूल झाला. साथीत संप करता, लाज नाही वाटत? असे त्यांना विचारणारे पुष्कळ निघाले. बाईला सेवाभावी म्हणून जितके उंच बसवावे, तितका तिने तोंड उघडल्याचा राग मोठा येतो, हे आम्ही तेव्हा जवळून पाहिले.

त्यानंतर २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या सर्वोच्च पुरस्कारांपैकी एक भारताच्या दहा लाखांहून अधिक आशांना दिला. जगात त्या वर्षी सहा मानकरी होते, त्यांत या एक. सगळीकडून अभिनंदनाचे संदेश आले. आमच्या एका तालुका बैठकीत ती बातमी वाचून दाखविली, टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर मागे बसलेल्या एका आशाताईने विचारले, "भाऊ, मानधनातला मान आज आला. धन कधी येणार?" चार महिन्यांचे पैसे तिचे थकले होते. आमच्यापैकी कोणालाही तिच्या प्रश्नावर भाषण करता आले नाही. दुसऱ्या दिवशी थकबाकीची यादी करायला बसलो.

हा 'मानधन' शब्द ज्याने कोणी काढला तो हुशार गृहस्थ असला पाहिजे. वेतन म्हटले की किमान वेतनाचा कायदा येतो, भविष्यनिर्वाह निधी येतो, रजा येते. मानधन म्हटले की यांतले काहीच येत नाही, आणि घेणाराही आपल्याला पैसे नव्हे, मान मिळाला असे समजतो. अंगणवाडीचे तसेच. ती योजना १९७५ सालच्या २ ऑक्टोबरला सुरू झाली. चाळीस चाळीस वर्षे अंगणवाडी चालवून सेविका घरी बसल्या, तरी त्या मानद म्हणून उपदान नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या सेविकांच्या खटल्यात निर्णय दिला, की १९७२चा उपदान कायदा यांनाही लागू आहे. २०१३च्या भारतीय श्रम परिषदेनेही योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार माना अशी शिफारस केली होती. एप्रिलमधला तो निकाल आणि मे महिन्यातला तो पुरस्कार यांत जेमतेम चार आठवड्यांचे अंतर. पुरस्काराची बातमी गावोगाव फलकांवर लागली. निकालाचा फलक आम्ही कोठे पाहिला नाही.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही प्रत्येक चांगल्या कामाला रुपये-आणे लावायला निघालात. तसे नव्हे. श्रमदान आम्हांला प्रिय आहे. २०१६ साली पानी फाउंडेशनने वरूड, आंबेजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतल्या ११६ गावांत जलसंधारणाची स्पर्धा घेतली. कोरेगाव तालुक्यातले वेळू पहिले आले. पुढे ती स्पर्धा २०१९ पर्यंत चालली आणि कितीतरी तालुक्यांत पसरली. भर उन्हात पंचेचाळीस दिवस माणसे पहाटे कुदळफावडे घेऊन माळावर जात. बक्षीस एका माणसाचे नव्हे, गावाचे; त्यामुळे फोटोसाठी पुढे येणाऱ्याला निदान खड्डा तरी खणावा लागला. ही योजना आम्हांस आवडली. पण कामगाराच्या नजरेने एक गोष्ट दिसते ती सांगितली पाहिजे. बांध ज्याच्या शेतात, पाणी त्याच्या विहिरीला. भूमिहीन माणूस पहाटे तीन तास श्रमदान करतो आणि मग दिवसाच्या रोजगाराला जातो. त्याने दिलेले तीन तास शेतमालकाने दिलेल्या तीन तासांहून महाग असतात. याच महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि तेच मातीचे काम करणाऱ्याला मजुरी मागण्याचा हक्क दिला. सत्कार करताना, कोणी काय गमावून दिले, याची चौकशी झाली पाहिजे.

खरा गौरव कसा असतो, याची दोन उदाहरणे आपल्याच मुलखात आहेत. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या बाया निवडायला सांगितल्या. त्यांत अक्षरशत्रू होत्या, दलित होत्या, टाकलेल्या होत्या. त्यांना आरोग्याचे शिक्षण दिले, दर आठवड्याला बोलावून पुन्हा पुन्हा शिकविले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्या बायांचा सत्कार त्याच्या किती तरी आधी झाला होता : ज्या घरात त्यांना पाणी वरून वाढीत, त्याच घरातून रात्री त्यांना बोलावणे येऊ लागले.

दुसरे गडचिरोलीचे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकविले. श्वास कोंडलेल्या बाळाला कसे जगवायचे, जंतुदोष कसा ओळखायचा, इतकेच काय, इंजेक्शन कसे द्यायचे तेही. खेड्यातल्या बाईच्या हाती सुई? पुष्कळ शहाण्यांच्या भुवया चढल्या. १९९९ साली 'लॅन्सेट' या विलायती वैद्यक नियतकालिकात त्याचा हिशेब प्रसिद्ध झाला : नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. मघाशी सांगितलेल्या सहा खेपांचे मूळ तिथेच आहे. शालीपेक्षा हा विश्वास मोठा. पुढे देशाने खेपा उचलल्या, दर मात्र असा लावला की तो ऐकून मजुरीचा मुकादमही लाजेल.

तरुण नेतृत्वाविषयी थोडक्यात बोलतो, कारण त्याचे फलक आपण एस.टी. स्टँडवर रोज पाहताच. 'युवा नेते', 'भावी सरपंच', वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, खाली शुभेच्छुकांची तीस डोकी. आम्ही त्या पोरांना हसत नाही. गावात काम नाही, पिकाला भाव नाही, अशा वेळी निदान फलकावर आपले तोंड दिसावे एवढी हौस माणसाला असणारच. पण त्याच गावात कोणी पोरगा भरतीच्या परीक्षेसाठी अभ्यासिका चालवतो, कोणी पोरगी म्हाताऱ्यांचे निराधार योजनेचे अर्ज भरून देते. त्यांना नेता कोणी म्हणत नाही.

हिवरे बाजारची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. दारू, भांडणे आणि कोरड्या विहिरी यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या गावाने १९९०च्या सुमारास एम.कॉम. झालेल्या एका तरुणाला, पोपटराव पवारांना, सरपंच केले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मधे तीस वर्षे गेली. आमच्या मते गावाचे शहाणपण पहिल्या तारखेत आहे. पोरगा तरुण असताना त्याच्या हाती कारभार दिला, गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, ग्रामसभेत हिशेब ऐकला. पद्मश्री आली नसती तरी विहिरींचे पाणी वर आलेच होते. १९९३च्या घटनादुरुस्तीने बायांना पंचायतीत तिसरा हिस्सा मिळाला, महाराष्ट्रात २०११ पासून निम्मा. पंचविशीच्या सुना सरपंच झाल्या. त्यांचा सत्कार जोरात होतो. सहीचा शिक्का मात्र कित्येक ठिकाणी नवऱ्याच्या खिशात असतो. अशा सरपंचबाईला हार घालण्याऐवजी पहिल्या दिवशी शिक्का आणि दप्तर तिच्या टेबलावर आणून ठेवणारा ग्रामसेवक आम्हांला भेटला, तर त्याचाच सत्कार आम्ही करू.

मंडळाच्या चालकांनी यंदापासून दरवर्षी खेड्यातल्या एका कार्यकर्त्याचा गौरव करण्याचे योजिले आहे, हे ऐकून आनंद झाला. त्यांना काही व्यवहाराच्या सूचना करतो. नाव आमदारांना किंवा आम्हांला विचारू नये. ज्यांची सेवा झाली त्यांना, म्हणजे बाळंतिणींना, म्हाताऱ्यांना, वसतिगृहातल्या पोरांना विचारावे, आणि तेही वाडीवर जाऊन. शाल खुशाल द्यावी, नारळही द्यावा; घरी पोरे खोबरे खातील. पण काचेचे स्मृतिचिन्ह देऊ नये, ते पत्र्याच्या घरात ठेवायला जागा नसते. चांगली बॅटरी, रेनकोट, पावसात टिकणारे बूट द्यावेत. थकलेल्या मानधनाची चौकशी करणारे एक पत्र मंडळाच्या कागदावर जिल्हा परिषदेला जावे. शहरातल्या प्रतिष्ठितांच्या सहीचा तिथे उपयोग होतो, आमच्या सहीची त्यांना सवय झाली आहे. पाहुण्यांनी दहा मिनिटे बोलावे आणि तिला अर्धा तास बोलू द्यावे. त्या दिवसाची बुडालेली मजुरी आणि येण्याजाण्याचे भाडे पाकिटात घालून, कार्यक्रमाच्या आधी द्यावे. आणि खेड्यांकडची शेवटची गाडी बहुतेक ठिकाणी दिवेलागणीच्या सुमारास सुटते; तेव्हा कार्यक्रम रात्री आठला न ठेवता दुपारी तीनला ठेवावा.